सातबाऱ्यावरची शर्त

जमीन घेताना आपण माती पाहतो, विहिरीचे पाणी पाहतो, रस्ता किती जवळ तेही पाहतो. पण आमच्या खानदेशात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ती शेतात दिसत नाही, तलाठ्याच्या दप्तरात असते. गेल्या साली माझा भाचा पैसे गुंतवावेत म्हणून धुळ्याजवळची चार एकर जमीन घ्यायला निघाला. घर शेतकऱ्याचे, तेव्हा त्या बाजूने अडचण नव्हती. भाव मात्र फारच उतरलेला. "मामा, एवढी स्वस्त का देतात हो?" म्हणत त्याने सातबाऱ्याचा उतारा माझ्यापुढे टाकला. त्यावर लिहिले होते : ‘भोगवटादार वर्ग २’. उत्तर तिथेच होते.

वर्ग १ ची जमीन धनी मोकळेपणी विकू शकतो. वर्ग २ च्या जमिनीवर सरकारची शर्त असते, आणि वरिष्ठांच्या परवानगीवाचून केलेली खरेदी गोत्यात येते. शर्त माणसाला नव्हे, जमिनीला चिकटलेली असते. धनी बदलला म्हणून ती सुटत नाही. भाच्याचा बेत त्याच दिवशी बारगळला. जुनी मंडळी अशा जमिनीला ‘नव्या शर्ती’ची जमीन म्हणतात. नवी म्हणजे किती नवी? तर सव्वाशे वर्षांची!

१८९९-१९०० साली छप्पन्नाचा भयंकर दुष्काळ पडला. सारा थकला, सावकाराचे कर्ज चढले. त्यापूर्वीच, १८७५ साली, पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या, आणि जमिनी सावकारांच्या घशात चालल्या आहेत ही धास्ती सरकारला होतीच. १९०१ साली मुंबई सरकारने जमीनमहसुलाचा कायदा बदलायला घेतला. साऱ्यापायी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा लावून देताना ‘ही विकायची नाही’ अशी अट घालता यावी, हा त्यातला मुद्दा. हेतू रयतेच्या रक्षणाचा, असे सरकार म्हणे. फिरोजशहा मेहतांना तो पटला नाही. विकण्याचा हक्क गेला की शेतकऱ्याची पत गेली, तो सरकारचा कूळ झाला, असा लोकपक्षाचा आक्षेप होता. ऑगस्टात पुण्याच्या बैठकीत सरकारी बहुमतापुढे काही चालेना, तेव्हा मेहता सभागृहातून उठून गेले आणि त्यांच्यामागोमाग गोखलेही. गोखल्यांसारख्या मवाळ गृहस्थाने सभात्याग करावा, यावरूनच प्रकरण किती तापले होते ते समजावे.

माझे मन मेहतांकडे झुकते. परंतु खानदेशचाच पुढचा इतिहास त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. शहादा-तळोदा भागात (तेव्हा धुळे जिल्हा, १९९८ पासून नंदुरबार) भिल्लांच्या जमिनी कर्जापायी हळूहळू दुसऱ्यांच्या नावे गेल्या. विकायचा हक्क होता, म्हणूनच गेल्या! आपल्याच शेतात ते सालदार झाले. १९७२ साली अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबत्यांनी शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा भरवला, तेव्हा गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात ही मागणी पुढे आली. ज्या बंधनाला पुण्यात विद्वानांनी धिक्कारले, त्याच जातीचे बंधन इथल्या गरिबाला ढाल वाटू लागले.

सरकारला ते ऐकावे लागले. १९७४ च्या दुरुस्तीने आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची, आणि विक्रीसाठी राज्य सरकारचीही, मंजुरी आवश्यक झाली. शिवाय १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातची गेलेली जमीन मूळ आदिवासी धन्याला परत करण्याची तरतूद वेगळ्या कायद्याने झाली. म्हणजे त्या सतरा वर्षांत रोख पैसे मोजून, स्टँप लावून, रीतसर नोंदणी करून जमीन घेतलेल्यालाही ती सोडावी लागण्याची पाळी होती. कागद पक्का होता, पैसा पक्का होता. पण त्याने पाहिलेल्या उताऱ्यावर तेव्हा अशी शर्त नव्हती, ती मागाहून आली.