खोट्या चित्रांतला खरा झांझिबार

"सगळं खरं, सगळं प्रत्यक्ष टिपलेलं" अशी जाहिरात करून थेटरात गर्दी खेचणाऱ्या माहितीपटांची एक जुनी जात आहे. रानटी चालीरीती, उघडी शरीरं, कत्तली, आणि वरून ज्ञानप्रसाराचा मुलामा.

1930 साली अमेरिकेत 'इंगागी' आला. कुणा सर हबर्ट विन्स्टेड यांच्या काँगो मोहिमेचं हे चित्रण, असं सांगितलं गेलं. गोरिलाला बायका अर्पण करणारी जमात त्यात दाखवली होती. लोकांनी रांगा लावल्या. नंतर उघड झालं की हे सरसाहेब मुळी जन्मालाच आले नव्हते. पिग्मी म्हणून दाखवलेली मुलं लॉस एंजेलिसची होती आणि 'नवा विषारी प्राणी' म्हणजे पंख नि खवले चिकटवलेलं कासव! गोरिला झालेल्या चार्ल्स जेमोराने तर तसं प्रतिज्ञापत्रच लिहून दिलं. इतकं ढळढळीत खोटं एका अर्थी निरुपद्रवी, एकदा पकडलं की संपलं.

अवघड असतं ते अर्धं खरं. जाकोपेत्ती, कावारा आणि प्रोस्पेरी या इटालियन त्रयीचा 'मोन्दो काने' 1962 साली आला, कान महोत्सवात गेला, त्यातल्या गाण्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. त्यात चित्रकार इव्ह क्लाइन खरा, त्याचा निळा रंगही खरा. पण संकलन आणि निवेदन असं, की माणूस विदूषक दिसावा. कॅमेरा खोटं बोलला नाही, कात्री बोलली.

त्यातल्या दोघांचा, जाकोपेत्ती-प्रोस्पेरींचा, 1966 चा 'आफ्रिका आदिओ' मात्र मला सोडत नाही. वसाहती सोडून जाणारे गोरे आणि मागे उरलेली आफ्रिका हा त्याचा विषय. निवेदनाचा सूर एकच: गोरा गेला, आता बघा काय होतंय. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राजवटीत काढलेल्या गोव्यातल्या माणसाला हा सूर चांगलाच ओळखीचा आहे. काँगोतला एक गोळीबार कॅमेऱ्याच्या सोयीने घडवला, असा आरोप इटलीतल्या एका पत्रकाराने केला. प्रकरण न्यायालयात गेलं, जाकोपेत्ती निर्दोष सुटला. संशय मात्र चित्रपटाला चिकटला तो चिकटलाच.

आणि याच चित्रपटात झांझिबार आहे. 12 जानेवारी 1964 रोजी तिथे क्रांती झाली, सुलतान पळाला आणि पुढच्या दिवसांत अरबांची, आशियाई लोकांचीही कत्तल झाली. या मंडळींनी हवेतून चित्रण केलं: हाकत नेले जाणारे लोक, खड्डे, पांढऱ्या झग्यांतली प्रेतं. त्या हत्याकांडाचं असं चलच्चित्र दुसरं क्वचितच असेल. झांझिबार आपल्याला परकं नाही. 19व्या शतकापासून तिथे गोवेकर होते. अशांना आपल्याकडे 'आफ्रिकार' म्हणायची पद्धत होती.

आता करायचं काय? माझं आयुष्य दप्तरात गेलं. तिथे एका कागदावर खाडाखोड दिसली की सगळी फाईल संशयास्पद ठरते. तोच नियम लावून अनेकजण हा सगळा चित्रपट बनावट म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. मेलेल्यांचे अंदाज आजही काहीशेपासून वीस हजारांपर्यंत हेलकावतात. ज्यांना ही कत्तल झालीच नाही असं म्हणायचंय, त्यांच्या हाती या दिग्दर्शकांनी आपल्या बदलौकिकाने आयतं कोलीत दिलं. उलट, ज्यांना आफ्रिका स्वातंत्र्याला नालायक ठरवायची आहे, ते हीच चित्रं पुरावा म्हणून नाचवतात. चित्रात दिसतं ते एका बेटावरचे काही दिवस. 'आफ्रिका' हा शब्द निवेदकाने वर चिकटवलेला.

मी तो भाग आवाज बंद करून पाहिला. संगीत गेलं, निवेदन गेलं. खाली वाळूवरून माणसं समुद्राच्या दिशेने निघालेली दिसतात. उंचीवरून चेहरे दिसत नाहीत.