याची राख कोठी पडते?

आमच्या घरी सगळ्यात आधी उठायची ती माय, आणि सगळ्यात शेवटी आंघोळ करायची तीही मायच. या दोन वेळांच्या मधे आमच्या घरातल्या गरम पाण्याचा सगळा इतिहास बसतो.

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. मी लहान होतो तेव्हा घरात दहा माणसं. न्हाणी मागच्या अंगणात. तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड, खाली एक मोठा सपाट दगड, आणि पाणी वाहून जायला केळीच्या आळ्यापर्यंत काढलेली नाली. न्हाणीच्या बाजूला वेगळा चुल्हा होता. त्यावर बुडाशी काळा ठिक्कर पडलेला हंडा. डिसेंबरात आमच्याकडे अशी थंडी पडते की विहिरीचं पाणीच तेवढं कोमट लागतं, बाकी सगळं गार. माय चारला उठून चुल्हा पेटवायची. तिची फुंकणी वाजली की आम्ही वाकळीत आणखी खोल शिरायचो. मग तिची हाक यायची, "उठा रे पोट्टेहो, पाणी निवून राह्यलं!"

जळण म्हणजे पऱ्हाटी. यवतमाळ जिल्हा कापसाचा, त्यामुळे जळणाला आमच्याकडे तोटा नव्हता. शेवटचा वेचा झाला की फेब्रुवारी-मार्चात पऱ्हाट्या उपटायच्या, बंडीत भरून आणायच्या आणि घरामागं ढीग रचायचा. ज्याला शेत नाही तो मजुरीसोबत पऱ्हाटीचा भारा डोक्यावर घेऊन जायचा. बाया त्या भाऱ्यावरून भांडायच्यासुद्धा, कारण भारा म्हणजे दोन-चार दिवसांचा स्वयंपाक आणि आंघोळी. पऱ्हाटी भडभड पेटते आणि लवकर विझते. तिच्याजवळून उठता येत नाही. बाभळीचं खोड लावून माणूस दुसरं काम करू शकतो. पऱ्हाटीला सारखं सारत राहावं लागतं. पावसाळ्यात ती ओली झाली की जाळ कमी आणि धूर जास्त. मायचे डोळे बारा महिने लाल असायचे. आम्हाला वाटायचं, तिचे डोळे तसेच आहेत.

आंघोळीचा क्रम ठरलेला. आधी आजोबा, मग बाबा आणि काका, मग शाळेत जाणारी पोरं, मग आजी, काकू, आत्या. आजोबांचं गंगाळ पितळेचं होतं, भंडाऱ्याकडचं, आणि त्यात पाणी कढत लागायचं. प्रत्येकानं हंड्यातून पाणी काढलं की वरून गार पाणी ओतायचं. नवाची वेळ होईपर्यंत चुल्ह्यात नुसती राख उरलेली असायची. मायच्या वाट्याला जे यायचं त्याला कोमटही म्हणता येणार नाही. पण त्या राखेचं मात्र ती सोनं करायची. भांडी घासायला राख, दात घासायला राख, धान्यात टाकायला राख, आणि उरलेली उकिरड्यावर, म्हणजे शेवटी शेतात.

१९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. सरकार कापूस घ्यायचं आणि पैसे हप्त्या-हप्त्यानं मिळायचे. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी असाच एक हप्ता हातात आला तेव्हा बाबा यवतमाळहून तांब्याचा बंब घेऊन आले. मधून नळी गेलेली, खाली जाळी, वर धुराडं, बाजूला पितळी तोटी. आम्हा भावांना तो थेट शकुंतलेच्या इंजिनासारखा दिसला. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ही छोटी गाडी आमच्या तालुक्यातून जायची, आणि तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं होतं. बंब पेटला की आम्ही तोंडानं शिटी मारायचो. आजोबा ओरडायचे.

बंब ही मोठी हुशारीची वस्तू होती हे मला पुढं शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर कळलं. चुल्ह्यावरच्या हंड्याच्या बाजूनं बहुतेक आच निसटून जाते. बंबात जाळ मधल्या नळीत आणि भोवती पाणी, त्यामुळे जाळाला बाहेर पडायच्या आधी पाण्याला भेटूनच जावं लागतं. निम्म्या पऱ्हाटीत काम व्हायला लागलं. पऱ्हाट्यांच्या वीतभर कांड्या मोडून ठेवायचं काम आमच्याकडे आलं. धूरही धुराड्यातून वर जायचा. पण त्याच्याजवळ बसायचं काम मायचंच राहिलं, आणि आंघोळीचा क्रमही तोच राहिला.

शकुंतलेचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला कायमचं उतरलं आणि तिला डिझेलचं इंजिन लागलं. त्याच्या दोनच वर्षांनी आमच्या घरचा बंबही उतरला. आजोबा तोवर गेले होते, काका वेगळे झाले होते, मी नोकरीत लागलो होतो. टिनाचं का होईना पक्कं घर बांधलं, त्यात सिमेंटची न्हाणी केली आणि भिंतीवर २५ लिटरचा गिझर टांगला. आधी एक-दोन वर्षं आम्ही बादलीत सोडायचा रॉड वापरला होता. पण शेजारच्या गावात एक पोरगी रॉड चालू असताना पाण्यात हात घालून गेली, तेव्हापासून बाबांनी रॉड बंद केला.

गिझर लागला त्या दिवशी माय बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होती. जाळ नाही, धूर नाही, कांड्या नाहीत. मग तिनं विचारलं, "याची राख कोठी पडते बाप्पा?"

आम्ही सगळे हसलो. मी मास्तर, मी तिला समजावून सांगितलं की विजेला राख नसते. ती म्हणाली, "जाळ हाये तं राख असनच."

तिचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. पुढं निवडणुकीच्या ड्यूटीवर वणीकडं गेलो, तेव्हा कोळशाचे ट्रक एकामागं एक जाताना पाहिले. रस्त्याकडेच्या झाडांची पानं काळी. आमच्याच जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत, आणि पलीकडं चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. विजेचं एक युनिट तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, आणि आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा राखच असते. आमच्या अंगणातला चुल्हा विझला नव्हता. तो फक्त लांब गेला होता. राख तिकडं कुणाच्या तरी अंगणात पडत होती, आणि तिच्यानं भांडी घासायला माय तिथं नव्हती.

२००५ नंतरची पाच-सात वर्षं लोडशेडिंगची. खेड्यात दिवसाचे बारा-बारा तास लाइट नसायची. कधी येईल याचा नेम नाही, म्हणून गिझरचं बटन आम्ही चालूच ठेवायला लागलो. रात्री दोनला लाइट आली की गिझर दोनला तापायचा, आणि सकाळी सहाला माणूस न्हाणीत जाईपर्यंत पाणी अर्धं निवलेलं. लाइट असली तरी व्होल्टेज नसायचं. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले की हीटरची ताकद साठ टक्क्यांवर येते, आणि वीस मिनिटांचं काम अर्ध्या तासाच्या वर जातं. पुढं लोडशेडिंग कमी झालं, पण बटन चालू ठेवायची सवय राहून गेली. मांजर गिझरच्या वर जाऊन झोपायची. न्हाणीत गेलं की त्याचं अंग हाताला उबदार लागायचं. आम्हाला त्याचं कौतुक होतं. ती ऊब आमच्याच बिलातली आहे हे ध्यानात यायला वीस-बावीस वर्षं लागली.

ध्यानात आलं ते निवृत्तीनंतर, २०१८ च्या हिवाळ्यात. घरात तीनच माणसं, तरी बिल शंभर युनिटांच्या वर. घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर आणि त्याच्या पुढं चढा दर असतो, त्यामुळे वरची थोडी युनिटंही महागात पडतात. एका रात्री मी नऊला मीटरचा आकडा लिहून घेतला, फ्रीज बंद केला, दिवे बंद केले, फक्त गिझर चालू ठेवला. पहाटे पाचला पुन्हा पाहिलं. पाण्याचा एक थेंबही न वापरता अर्ध्या युनिटाच्या वर गेलं होतं. म्हणजे दिवसाला दीड, महिन्याला ४५ युनिटं. हिशोब कोळशात केला तर ३० किलो कोळसा आणि १० किलो राख. एक मोठं घमेलं भरून राख, आणि तीही कुणाच्याच आंघोळीसाठी नाही.

बायको म्हणाली, "मंग पुन्हा बंब काढा माळ्यावरचा." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण पऱ्हाटीचे दिवसही बदलले होते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्यातला कापूस खाल्ला. तेव्हापासून कृषी विभाग सांगतो की फरदड घेऊ नका, डिसेंबर सरता-सरता पीक काढून टाका आणि पऱ्हाट्यांचे ढीग रचून ठेवू नका, कारण त्यातल्या वाळल्या बोंडांत अळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा शेतात येते. जो ढीग आमच्या घराची दौलत होता तोच आता घातकी झाला. तरीही गावात फिरा, कितीतरी अंगणांत गॅस आतमधे आणि आंघोळीचं पाणी बाहेर पऱ्हाटीवरच. सिलिंडर स्वयंपाकालाच पुरवून पुरवून वापरावा लागतो, आंघोळीला कोण जाळील?

सोलर बंबाचाही विचार केला. आमच्याकडे ऊन काय कमी आहे? पण आमचं छत टिनाचं. शंभर लिटर पाण्याचं वजन त्यावर ठेवायचं, आणि त्याच्याही वर गार पाण्याची टाकी, हे जमण्यासारखं नव्हतं. शिवाय बोअरचं पाणी इतकं जड की नळ्यांत क्षार धरणार. ज्याच्या घरावर स्लॅब आहे आणि पाणी बरं आहे त्यानं खुशाल सोलर लावावा.

शेवटी १५ लिटरचा, पाच चांदण्यांचा गिझर आणला. चांदण्यांचा अर्थ मात्र दुकानदाराला विचारून कळला नाही, तो मी वाचून काढला. देशात २००१ मध्ये ऊर्जा बचतीचा कायदा झाला आणि २००६ पासून वस्तूंवर या चांदण्या यायला लागल्या. साठवणीच्या गिझरवरची चांदणी तो किती लवकर तापतो हे सांगत नाही. विजेच्या हीटरनं घेतलेली वीज सगळ्याच गिझरांत पाण्याची उष्णता होते, जुना असो की नवा. फरक पडतो तो तापलेलं पाणी सांभाळण्यात. पाणी न वापरता २४ तासांत किती ऊब बाहेर गळते, यावर चांदण्या ठरतात. जितक्या जास्त चांदण्या तितकी गळती कमी.

जुना गिझर भंगारवाल्यानं अंगणातच फोडला. आत खडूसारखा पांढरा थर, दोन ओंजळी भरून निघाला. पत्र्याच्या आतली लोकर ओली होऊन खाली बसली होती, वरचा अर्धा भाग उघडाच. मांजरीला ती जागा का आवडायची हे तेव्हा कळलं. बंब मात्र मी दिला नाही. तो अजून माळ्यावर आहे.

नवा गिझर लावला त्या दिवशी मी सगळ्यांना नियम सांगितला. आंघोळीच्या अर्धा तास आधी बटन लावायचं, पाणी तापलं की बंद करायचं, आणि न्हाणीतून बाहेर येणाऱ्यानं बटन पाहूनच यायचं. मायला म्हटलं, "आज तू पहिले जा." ती तेव्हा ऐंशीला टेकली होती. पण नाही म्हणाली. साठ वर्षांची सवय. मी केली, बायकोनं केली, मायनं देवपूजेची फुलं तोडली, तुळशीला पाणी घातलं, आणि साडेनवाला ती न्हाणीत गेली. बटन बंद होऊन दोन तास झाले होते.

आतून एकदम तिचा आवाज आला, "अरे, कोनं जाळ लावून ठेवला रे? पाणी कढत हाये!"

मी दाराबाहेरून सांगितलं, "जाळ कवाचा बंद आहे माय. सकाळचंच पाणी आहे."

थोडा वेळ तांब्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला आणि बराच वेळ चालला. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगातून वाफ निघत होती. केस पुसत ओट्यावर उन्हात बसली.

मी म्हटलं, "माय, आता राख लय कमी पडते."

ती म्हणाली, "कमी म्हंजे पडतेच ना." आणि मग, "पन बरं झालं. आंग हलकं झालं."

महिना झाल्यावर बिल ऐंशीच्या घरात आलं. ते मी तिला वाचून दाखवलं. बिलात तिला रस नव्हता. तिनं इतकंच विचारलं की बटन बंद केलं का.