थेट चित्रनिर्मितीतील दृश्यविलंब

कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य स्विचरमधून पडद्यावर उमटेपर्यंत जाणाऱ्या वेळेला दृश्यविलंब म्हणतात. तो बहुधा फ्रेममध्ये मोजतात. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद.

स्वतंत्र घड्याळांवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या फ्रेम एकाच क्षणी सुरू होत नाहीत. त्या जुळवण्यासाठी फ्रेम सिंक्रोनायझर चित्र स्मृतीत साठवतो आणि त्यात एका फ्रेमपर्यंतचा वेळ जातो. जेनलॉकद्वारे सर्व कॅमेऱ्यांना समान संदर्भ संकेत पुरवल्यास ही साठवण टाळता येते व स्विचरमधील विलंब काही रेषांइतकाच उरू शकतो. अनेक स्वस्त स्विचरमध्ये मात्र सिंक्रोनायझर कायम चालू असतो. तेथे जेनलॉकचा हा लाभ मिळत नाही. चित्राचे आकारमान किंवा फ्रेमदर बदलल्यास विलंब वाढतो, म्हणून सर्व कॅमेरे स्विचरच्याच स्वरूपात ठेवतात.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.1359 या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेल्यास प्रेक्षकाला ते जाणवू लागते. प्रक्षेपणात ध्वनी तेवढाच मागे ठेवून हा दोष झाकता येतो. सभागृहात वक्ता आणि त्याची पडद्यावरील प्रतिमा एकाच वेळी दिसत असल्याने हा उपाय अपुरा पडतो. त्यातही पुढच्या रांगांना फरक अधिक खटकतो. 14 मीटर मागे बसलेल्यांपर्यंत मंचावरील आवाजच सुमारे 40 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. एलईडी पडद्याचा प्रोसेसर व प्रोजेक्टर यांचा विलंबही हिशेबात धरावा लागतो.

एकूण विलंब मोजण्यासाठी कॅमेरा चालत्या मिलिसेकंद-घड्याळावर रोखतात आणि घड्याळ व पडदा यांचे एकत्र छायाचित्र घेऊन दोन्ही आकड्यांतील फरक काढतात.