लवणासुर, वैदर्भी आणि जोहार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने झाले, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. काळ्या बेसॉल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आणि त्याच्या तळाशी खारे पाणी. पण गावाची लोककथा उल्केला ओळखत नाही. ती सांगते की विष्णूने लवणासुर नावाच्या दैत्याला इथे मारले. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त आणि खार हे त्याचे मांस. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ या वधाची आठवण म्हणून दाखवले जाते.

साहित्याच्या शिक्षकाने या नावापाशी थोडे थांबावे. ‘लवणासुर’ या समासाचा विग्रह ‘लवण हाच असुर’ असा होतो. उपमेत ‘सारखा’ हा शब्द तरी शिल्लक राहतो. रूपकात तोही गळतो. मीठ मग असुरासारखे राहत नाही, असुरच होते, आणि एकदा असुर म्हटले की त्याला मारणे ओघानेच आले. (रामायणाच्या उत्तरकांडातही एक लवणासुर आहे, त्याला शत्रुघ्नाने मारले. तेव्हा हे नाव बाहेरून येऊन या खाऱ्या पाण्याला चिकटले असणेही शक्य आहे.) खार तर माणसाच्या उपयोगाचा. ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारची नोंद आहे, आणि काच व साबण करायला लागणारे पदार्थ इथे सापडतात असे तीत म्हटले आहे. ज्या खारावर राबणाऱ्या माणसांचे हात चालत होते, तोच खार देवळाच्या कथेत दैत्याचे मांस झाला.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त मत्स्यापासून परशुरामापर्यंतच्या अवतारकथा अशाच उलगडल्या. जेत्यांनी हरलेल्यांचा इतिहास रूपकात पुरून टाकला, हे त्यांचे म्हणणे. ‘महार’ या शब्दाची त्यांनी ‘महा-अरि’ अशी फोड केली. त्यांच्या अनेक व्युत्पत्त्या भाषाशास्त्रज्ञ मान्य करणार नाहीत, आणि त्या मान्य व्हाव्यात असा हट्ट आपणही धरू नये. मात्र रूपक भेटले की ते कुणी केले आणि कुणाचे केले, हे विचारण्याची सवय मराठी वाचकाला त्यांनीच लावली. आपल्या समीक्षेने ती फार काळ टिकवली नाही.

जी गोष्ट रूपकाची, तीच नादाची. लोणार विदर्भात आहे, आणि संस्कृत काव्यशास्त्रात विदर्भाचे नाव अजरामर झाले ते नादासाठीच. दण्डीने वैदर्भ मार्गाची थोरवी गायली. आठव्या शतकाच्या अखेरीस काश्मिरात बसून वामनाने रीतीला काव्याचा आत्मा म्हटले आणि वैदर्भी ही सर्व गुणांनी संपन्न रीती ठरवली. विदर्भादी देशांत ती आढळते म्हणून हे नाव, असा खुलासाही त्याने केला. आता हा विदर्भ कोणाचा? रानात ढोरे वळणाऱ्याचा खास नव्हे. तो राजसभेतला विदर्भ होता.

वामनाचाच समकालीन उद्भट. त्याने अनुप्रासाच्या तीन वृत्ती सांगितल्या: परुषा, उपनागरिका आणि ग्राम्या. ही नावे नीट ऐका. उपनागरिका म्हणजे शहरी, चतुर स्त्रीसारखी. ग्राम्या म्हणजे गावची. अक्षरांची वर्गवारी करतानाही माणसांची वस्ती शास्त्रकाराच्या डोळ्यांपुढून हलत नाही. नगर आहे, गाव आहे. गावकुसाबाहेर जे राहत होते, त्यांच्या आवाजाला मात्र या यादीत नाव नाही. ज्या वर्णांनी परुषा वृत्ती होते त्यांत ट-वर्ग येतो. आता आपल्या जगण्यातले शब्द घ्या: हाडोळा, कोंडवाडा, महारवाडा, ढोर, मडके, झाडू. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या ग्रंथात नोंदले आहे. ‘ट-ठ-ड-ढ’ टाळून ही हकीकत गोड आवाजात सांगून दाखवावी.

येथे शास्त्राला न्याय दिला पाहिजे. आनंदवर्धनाने स्पष्ट म्हटले आहे की कर्णकटुत्वासारखे दोष सर्वकाळचे दोष नव्हेत. ते मुख्यत: शृंगारात टाळायचे असतात. मम्मटानेही वीर, बीभत्स, रौद्र या रसांत कठोर वर्णांना जागा दिली. दलित कवितेवर श्रुतिकटुत्वाचा आणि ग्राम्यतेचा आरोप करणाऱ्यांनी आपल्याच शास्त्राचे हे पान उलटले नव्हते.

शास्त्राच्या यादीत नसलेला आवाज लोणारच्याच जिल्ह्यात शोधता येतो. एका परंपरेनुसार चोखामेळ्याचा जन्म देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा येथला. त्याच्या कवितेतला उसाचा दृष्टान्त महाराष्ट्राला पाठ आहे: कांडे वाकडे, पण रस वाकडा नाही. मला त्याहून मोलाचे वाटतात ते त्याच्या नावावरचे ‘जोहार’. जोहार हा महाराचा सक्तीचा नमस्कार. वरच्या जातीच्या माणसासमोर वाकून तो करायचा, आणि त्याला उलट जोहार कधी मिळायचा नाही. दवंडी, मौतीचा सांगावा, मांगाची हलगी हे गावगाड्यातले आवाजाचे कष्ट जसे जातीने वाटून दिलेले, तसाच हा शब्दही. चोख्याने तो उचलला आणि विठ्ठलापुढे नेऊन अभंगाच्या आरंभी ठेवला. पुनरुक्तीने ध्रुपद झाले, कवितेला ताल मिळाला, पण शब्दातली लाचारी ऐकणाऱ्याला विसरता येईना. पुढे सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडात महाराचे सोंग घेऊन जोहार लिहिले. त्यांची सहानुभूती खरी असेल. मात्र सोंग उतरवून ते घरी जाऊ शकत होते.

चोखोबा बंडखोर नव्हता, कर्मविपाक मानणारा होता, असे आपल्यातले अनेक जण म्हणतात. ते खरे आहे. त्याचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले असे परंपरा सांगते. तेव्हा आपल्यापर्यंत पोहोचलेला आवाज दुसऱ्याच्या लेखणीतून आलेला आहे, हेही ध्यानात ठेवावे. तरीही डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली आपला अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला.

अभंगाचा साचाच ऐकण्यासाठी घडलेला आहे. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक, आणि चौथा चरण चारच अक्षरांचा. गाताना ती तोकडी जागा टाळ भरून काढतो. पंढरपूरचे देऊळ चोख्याच्या पायांना बंद होते, पण भिंतीपलीकडचा टाळ कानांना बंद करता येत नव्हता. आख्यायिका तर म्हणते की १३३८ साली मंगळवेढ्याला कूस कोसळून तो मजुरांबरोबर गाडला गेला, तेव्हा नामदेवांनी हाडांना कान लावले आणि ज्यांतून विठ्ठलनाम आले ती चोख्याची म्हणून उचलली. ती पुरली महाद्वाराच्या बाहेर. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते देऊळ अस्पृश्यांना खुले झाले १९४७ साली.

‘जोहार’ला उत्तर विदर्भातूनच आले. कामठीचे बाबू हरदास यांनी ‘जयभीम’ रूढ केला. दोन्ही शब्द ‘ज’नेच सुरू होतात, हा योगायोग असेल. परंतु ‘जोहार’मागून ‘मायबाप’ यायचे आणि आवाज खाली उतरायचा. ‘जयभीम’ दोन ठोक्यांत संपतो आणि समोरून तितक्याच मोठ्याने ‘जयभीम’ परत येतो. हा फरक आलंकारिकांच्या कोणत्याही पोथीत नाही. जलशांच्या फडावर तो सर्वांनी ऐकला.

१९५८ साली मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णाभाऊ साठ्यांनी शेषाच्या मस्तकावरची पृथ्वी उचलून श्रमिक-दलितांच्या तळहातावर ठेवली. लवणासुराच्या जातीचेच ते पौराणिक रूपक, फक्त करणारा हात बदलला होता. १९६३ साली बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ म्हटले, तेव्हा जात ही चोरीचा माल झाली. ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. त्यातल्या कित्येक शब्दांचे अर्थ त्यांना नामदेव ढसाळांकडून समजून घ्यावे लागले. मराठीच्या एका थोर नाटककाराला मुंबईतलीच मराठी विचारून घ्यावी लागली, हे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. पुष्कळ समीक्षकांनी न विचारताच निकाल दिला. दया पवारांचा ‘कोंडवाडा’ १९७४ सालचा. मोकाट गुरे डांबण्याची जागा ती, आणि शब्दाच्या मधोमध दोन ‘ड’. त्याआधी एकच वर्ष, १९७३ साली, वामन निंबाळकरांचा संग्रह निघाला होता. उद्भटाच्या यादीत नसलेली वस्ती त्याच्या नावातच होती: ‘गावकुसाबाहेरील कविता’.