ऊसपट्ट्यातला वेगवान गोलंदाज

आमचं श्रीरामपूर प्रवरेच्या कालव्यांनी घडवलं. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कोरड्या माळावर ऊस डोलू लागला, हरेगावात साखर कारखाना उभा राहिला आणि दौंड-मनमाड मार्गावरच्या स्टेशनाभोवती बाजारपेठ पसरली. पुढे लोणीला विठ्ठलराव विख्यांचा सहकारी कारखाना निघाला, त्यामागून शाळा आल्या, इंजिनिअरिंग कॉलेज आलं. मी इथे मास्तरकी करत होतो तेव्हा पोराला लोणीला प्रवेश मिळाला की आईबाप पेढे वाटत.

हे ध्यानात घेतलं, तरच आमच्या गावच्या झहीर खानच्या घराचं धाडस कळतं. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. मुलगा लोणीला इंजिनिअरिंग शिकू लागलेला. गावात क्रिकेटचं वेड होतं, पण टर्फवर रोज सराव करायचा तर मुंबईच गाठावी लागे. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, असं वडिलांनीच त्याला सांगितलं आणि सतराव्या वर्षी मुंबईला नेलं. हातातली खात्रीची वाट बापानेच सोडायला लावणं, हे आमच्या पट्ट्यात तोवर ऐकिवात नव्हतं.

मुंबईत सुधीर नाईकांच्या नॅशनल क्रिकेट क्लबने त्याला घडवलं, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनने धार दिली. रणजी मात्र तो आधी बडोद्याकडून खेळला. ७ ऑक्टोबर २००० रोजी, आपल्या बाविसाव्या वाढदिवशी, भारताकडून खेळताना त्याने नैरोबीत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला. २०११च्या विश्वचषकात २१ बळी घेतले, कसोटीत एकूण ३११.

संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दला जन्मलेल्या फलंदाज अजिंक्य रहाणेची गोष्टही घराचीच आहे. डोंबिवलीत त्याची आई एका हातात किटबॅग आणि दुसऱ्या हाताशी धाकटा मुलगा घेऊन त्याला मैदानावर पायी नेत असे.

दोन्ही पोरं आमच्या मातीतली. घडली मात्र परमुलखात, घरच्यांच्या हिमतीवर. ज्या पाण्याने कारखाने आणि कॉलेजं उभी केली, त्याच पाण्यावर तालुक्या-तालुक्यात चांगली खेळपट्टी आणि पगारी प्रशिक्षक का उभा राहू नये? आईबापांनी आपल्या वाट्याचं केलं. आता जिल्ह्याने करावं.