आत्याची चिनी लक्ष्मी

डोंबिवलीला आत्याच्या शोकेसमध्ये चिनीमातीची वीतभर उंचीची एक बाई होती. हिरवा-पिवळा झगा, हातात बारीक मानेची कुपी, पायाखाली कमळ. आजोबांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली. कमळ पाहून आत्याने तिला लक्ष्मी ठरवले आणि दर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहिले. गेल्या वर्षी इमारत पुनर्विकासाला गेली. सामान हलवताना बाईची दोन बोटे तुटली. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, खाडीत सोडावी, असे शेजारणीने सांगितले. आत्या मला म्हणाली, "तू एवढा इतिहास वाचतोस, आधी ही कोण ते तरी सांग."

ती ग्वानयिन. कुपीत करुणेचे अमृतजल. कधी दुसऱ्या हातात विलोची डहाळी, कधी कडेवर मूल. चिनी देवमूर्ती अशा वस्तूंवरूनच ओळखायच्या, आपण आयुधांवरून ओळखतो तशा. मोठ्या कपाळाचा, हातात पीच धरलेला म्हातारा म्हणजे दीर्घायुष्याचा देव. वटवाघूळ मात्र केवळ श्लेषामुळे शुभ, कारण त्याच्या आणि सौख्याच्या शब्दाचा उच्चार एकच, 'फू'. आणि फडके रोडवर मिळणारा लाफिंग बुद्ध हा गौतम बुद्ध नव्हेच. तो बुदाई नावाचा झोळीवाला भिक्षू, मैत्रेयाचा अवतार मानलेला.

आत्याची मूर्ती कांगशी बादशहाच्या काळातली (१६६२–१७२२) नव्हे, साधा बाजारू माल. रीत मात्र तीच. मूर्ती आधी सुमारे १३०० अंशांवर कोरी भाजायची, मग काचेची पूड मिसळलेले रंग चढवून पुन्हा मंद भट्टीत घालायची. हिरवा तांब्याचा, जांभळा मँगनीजचा. गुलाबी अठराव्या शतकात सोन्यापासून आला.

पण खरी गोष्ट रंगाची नाही, नावाची आहे. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वर. इ.स. ४०६ मध्ये कुमारजीवाने सद्धर्मपुंडरीक सूत्र चिनीत आणले. त्यात हा बोधिसत्त्व जगाचा आक्रोश ऐकणारा आहे; वादळाने जहाज राक्षसांच्या भूमीला लागले तरी त्याचे नाव घेणारे सुटतात. तिथे तो पुरुषच. चीनमध्ये पुढच्या काही शतकांत हळूहळू त्याची बाई झाली.

हाच अवलोकितेश्वर येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीला आहे. ९० क्रमांकाच्या लेण्यात तो मधोमध उभा, बाजूंना संकटांचे प्रसंग, त्यांत बुडणारे जहाजही. ४१ व्या लेण्यात तर तो अकरा मुखांचा आहे. कान्हेरीच्या जुन्या दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. कल्याण तेव्हा बंदर होते. गलबते ज्यांची समुद्रावर, त्यांना असा देव हवाच. (त्याच ९० क्रमांकाच्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. पुढे चीनच्या व्यापारातून ही चिनीमाती मुंबईच्या घराघरांत आणण्यात पारशीच पुढे होते. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातल्या टाटांच्या संग्रहांत ती पाहायला मिळते.)

लेण्यातल्या शिल्पाचा फोटो मी आत्याला मोबाइलवर दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"हा तर बाप्या आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण कमळ तेच."

एक बोट सापडले, ते फेव्हिक्विकने चिकटवले. दुसरे सापडलेच नाही. सध्याच्या भाड्याच्या घरात शोकेस नाही, म्हणून बाई देव्हाऱ्यात अन्नपूर्णेशेजारी आहे. शेजारीण परवा फराळ घेऊन आली तेव्हा तिने विचारले, अजून ठेवलीस? आत्याने सांगितले, "माहेरपणाला आलीय."