उपग्रहाची वाट आणि आकाशातील बुडबुडे

कोल्हापूरजवळचा उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीतला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३८ मध्ये, पेरू देशातील हुआनकायो येथील वेधांवरून बुकर आणि वेल्स यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली होती : आकाशात सोडलेल्या रेडिओ लहरींचे प्रतिध्वनी काही रात्री विस्कटून परत येत. विमान उतरवण्याशी याचा संबंध जुळायला पुढे बरीच दशके जावी लागली.

आज विमानाला आपले स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून कळू शकते. सुमारे २०,००० किलोमीटरवरून येणाऱ्या या संकेतांना वाटेत आयनांबर ओलांडावे लागते. तेथील इलेक्ट्रॉनांमुळे संकेताला किंचित उशीर होतो आणि अंतर चुकीचे मोजले जाते. भरदुपारी आपल्या अक्षांशांवर ही चूक दहा मीटरांहूनही अधिक असू शकते. ती सुधारण्यासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ‘गगन’ उभारली. देशभरातील १५ स्थानके चूक मोजतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानाला मिळते. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढ येथे ‘गगन’च्या आधारे प्रवासी कंपनीचे विमान प्रथम उतरले.

मग अडचण कोठे उरली? सूर्यास्तानंतर विषुववृत्तीय आयनांबराच्या तळाशी कमी घनतेचे ‘बुडबुडे’ तयार होतात आणि वर चढतात. हुआनकायोचे कोडे हेच होते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी कोल्हापुरातून रात्रीच्या आकाशाची छायाचित्रे घेतली. ऑक्सिजनच्या मंद तांबड्या प्रकाशात हे बुडबुडे पूर्वेकडे सरकणाऱ्या काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात. त्यांतून जाणारा संकेत ताऱ्यासारखा लुकलुकतो; कधी ग्राहकयंत्राच्या हातून निसटतोच. संकेतच हरपला, तर दुरुस्ती कशाची करणार?

म्हणून येथे अचूकता पुरत नाही. ‘गगन’ ज्या दर्जाची सेवा देते, तिच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार उंचीतील चूक ५० मीटरांपलीकडे गेली, तर १० सेकंदांच्या आत वैमानिकाला इशारा मिळायला हवा. इशाऱ्याविना चूक राहण्याचा संभव एक कोटी उतरणींत दोनपेक्षा अधिक चालत नाही. इशारा येताच, धावपट्टी दिसत नसेल, तर वैमानिक विमान पुन्हा वर नेतो.

वर्गात विचारून पाहा : रोज पाच मिनिटे मागे पडणारे घड्याळ बरे, की एरवी अगदी बरोबर चालणारे, पण न कळत मधूनच थांबणारे?